डॉक्टर, जुने पेशंट परत बोलवा

प्रिय डॉक्टर,


नुकतेच बी. डी. एस. होऊन तुम्ही तुमसर-साकोलीच्या बाजारात किंवा पवनी-लाखांदूरच्या रस्त्यावर दवाखाना थाटला असेल. लोक आधी तुमचं वय पाहतील. "लेकरूच दिसते नं बापा," म्हणत एखादी आजी दारातच थबकेल. दाढेची नस काढायची तर हाताला गुण असलेला, केस पिकलेला डॉक्टर हवा, अशी आमची समजूत आहे.

ती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनॉल केलेले दात पाच वर्षांनी तपासले. तज्ज्ञांनी केलेल्या दातांपैकी सुमारे ९८ टक्के तोंडात शाबूत होते, सर्वसाधारण दंतवैद्यांनी केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के. पण ही तुलना जास्तीच्या शिक्षणाची आणि रोजच्या सरावाची होती. पाटीवरची वर्षं त्यात कोणी मोजली नव्हती.

सराव नेमका कुठे लागतो? वरची पहिली दाढ घ्या. मुळं तीन, पण नळ्या पुष्कळदा चार. गालाकडच्या पुढच्या मुळातली दुसरी नळी बारीक असते आणि डेंटिनच्या कडेखाली दडून बसते. तीन नळ्या साफ करून भरल्या तरी एक्स-रे देखणा येतो, पेशंट खूश होऊन घरी जातो आणि चौथीतले जंतू तिथेच राहतात. सरावलेला डॉक्टर तीनवर थांबत नाही. दाढेच्या तळावरच्या काळसर रेषा तो भिंगातून न्याहाळतो आणि टोकाशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असलेली १० नंबरची फाइल घेऊन चाचपत राहतो.

त्यात आपल्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारी चावून दाढा झिजतात, दात आतून नवा थर चढवतो आणि नळ्या अरुंद होत जातात. त्याच सुपारीने गालाची आतली बाजू ताठरते आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. अशा तोंडात मागच्या दाढेत २५ मिलिमीटरची फाइल सरळ उतरवायची म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. तेव्हा "हे मला इथे जमणार नाही, चिठ्ठी देतो," असं म्हणायला लाजू नका. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर. फाइल आत तुटल्यावर पेशंटला तिकडे धाडण्यापेक्षा आधीच धाडलेलं बरं.

काही गोष्टींना मात्र वर्षं लागत नाहीत. रबर डॅम लावणं, नळी जंतुनाशक हायपोने पुरेशी धुणं आणि वरून दात घट्ट बंद करणं पहिल्या पेशंटपासून जमतं. रे आणि ट्रोप यांनी १९९५ साली १०१० दातांचे एक्स-रे तपासले. नळीचं काम चांगलं पण वरचं भरण खराब, अशा दातांपैकी ४४ टक्केच मुळाशी निरोगी होते. नळीचं काम कच्चं पण वरचं भरण चांगलं, अशांपैकी सुमारे ६८ टक्के. पुढच्या अभ्यासांपैकी काहींनी नळीच्या कामाला जास्त वजन दिलं, काहींनी दोन्हींना सारखंच, पण वरचं भरण सोडून चालत नाही. आमचं म्हणाल तर दुखणं थांबलं की आम्ही रोवणीला लागतो आणि कॅपचं "धान विकल्यावर पाहू" म्हणतो. म्हणून नस काढणं आणि कॅप मिळून एकच काम आहे हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि पैसेही दोन्हींचे मिळूनच सांगा.

आता खरं मागणं. दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नसतं. मुळाशी आजार वर्षानुवर्षं मुकाट राहू शकतो. बिघडलेली दाढ घेऊन पेशंट बहुधा तुमच्याकडे परतत नाही, चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्यामुळे वीस वर्षं तीच चूक करणारा माणूसही स्वतःला प्रामाणिकपणे यशस्वी समजू शकतो. यावर उपाय साधा आहे. वर्षभराने पेशंटला बोलवा, एक्स-रे काढा आणि जुन्याशी ताडून पाहा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेचाही हाच सल्ला आहे, आणि मुळाशी डाग उरला असेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावं असं ती सांगते. आपलंच काम असं पुन्हापुन्हा तपासणाऱ्याची पाच वर्षं न तपासणाऱ्याच्या वीस वर्षांना भारी पडावीत, असं मला वाटतं.

दुखत नसताना दवाखान्याची पायरी चढायची सवय आम्हाला नाही, हे कबूल. तारीख रोवणी-कापणीच्या दिवसांतली देऊ नका, आणि एकदा सांगून आलो नाही तर दुसऱ्यांदा फोन करा.

आपला,
भंडारा जिल्ह्यातला एक पेशंट