सात पात्यांचा चाकू

कोणी टपालाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी. मी चाकू जमवतो असे सांगितले, की समोरचा सद्गृहस्थ आपली खुर्ची किंचित मागे सरकवतो. मग मला घाईघाईने खुलासा करावा लागतो, की माझे चाकू रामपुरी घराण्यातले नव्हेत. ते खिशातले, गरीब स्वभावाचे, घडी करून झोपणारे. पात्याखेरीज डबा उघडणी, स्क्रू-ड्रायव्हर, आरी, कात्री, बूच काढायचे मळसूत्र असा सगळा प्रपंच एकेकाच्या पोटात असतो. यांतले एकही अवजार आपल्या जातीत उत्तम नसते, हे मला मान्य आहे. पण ते हाताशी असते. शाळामास्तर नाही का, शिकवतो, जनगणना करतो आणि वेळ आली की मतदान यंत्रही सांभाळतो!

माझ्याजवळ असे ३४ चाकू आहेत. बरेचसे परभणीच्या उरुसात मिळाले. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. लोक दर्शन घेतात, पाळण्यात बसतात, बायका बांगड्या भरतात. आणि मी लोखंडी सामानाच्या पथारीपुढे उकिडवा बसून नखाने पाती उघडून पाहतो. चाकूचा कस पात्यात नसतो, पाठीतल्या कमानीत असतो. पाते उघडताना जिने थोडी कुरकुर करावी आणि पुरते उघडले की 'टक्' करून त्याला जागी बसवावे, ती पोलादी पट्टी म्हणजे कमान. स्वस्त मालात ती लवकर ढिली पडते, आणि मग पाते भलत्याच वेळी आपल्या बोटावर मिटते.

जगप्रसिद्ध स्विस चाकूची करामतही या कमानीतच आहे. इबाख गावच्या कार्ल एल्सनरने १८९१ साली स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यात पाते, आरी, डबा उघडणी आणि बंदूक खोलण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर. पण जर्मन कारखाने तसाच माल स्वस्तात देत, आणि बिचाऱ्याचे दिवाळे निघायची वेळ आली. मग १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका, सुबक चाकू काढला. एकाच कमानीवर दोन्ही बाजूंनी पाती बसवून त्याने दोन कमानींवर सहा अवजारे नाचवली. सैन्याने तो खात्यात घेतला नाही. अधिकारी पदरमोड करून घेऊ लागले. १९०९ साली त्याची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा तिचे नाव त्याने मालाला दिले. पुढे १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचे 'इनॉक्स' त्याला जोडले गेले आणि व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले. आपण बंगल्याला 'मातृछाया' म्हणतो. त्याने चाकूला आईचे नाव दिले. मला त्याचेच अधिक पटते. चाकू रोज हातात असतो.

आपल्याकडचा याचा जुना भाऊबंद म्हणजे अडकित्ता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात माणसांच्या, पशुपक्ष्यांच्या आकाराचे अडकित्ते मांडलेले आहेत. दिनकर केळकरांनी देशभर हिंडून या वस्तू जमवल्या आणि संग्रहाला आपल्या गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. ते अडकित्ते पाहताना माझ्या मनात एक नकोसा विचार आला. यातला प्रत्येक अडकित्ता कधी तरी कोणाच्या चंचीत होता. आणि चंचीचा धनी असेपर्यंत अडकित्ता सहसा चंची सोडत नाही.

पूर्णेला रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. त्यांच्याजवळ शिंगाच्या मुठीचा, सात पात्यांचा चाकू आहे. मोठे पाते घासून घासून बीजेच्या कोरीएवढे उरले आहे. असा चाकू माझ्या ३४ त एकही नाही, कारण माझे चाकू कधी कांदासुद्धा चिरत नाहीत. पहिल्याच भेटीत मी किंमत विचारली. ते म्हणाले, "गुरुजी, विकायला हरकत नाही. पण उद्या पेरू कशानं कापू?"

आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. हात थरथरतात, पाते उघडायला नखात जोर उरलेला नाही. मी गेलो, की ते चाकू माझ्यापुढे करतात. मी पाते उघडतो. कमान अजून 'टक्' वाजते. मी त्यांच्या प्रकृतीची चौकशी करतो, आणि ती करताना माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर नसते, चाकूवर असते. जमवणाऱ्याच्या मनात कोठे तरी एक गिधाड बसलेले असते. मी त्याला हाकलतो. ते दोन पावले उडून पुन्हा तेथेच बसते.

आजोबांना हे कळत असावे. गेल्या खेपेस त्यांनी पेरूच्या फोडी केल्या, मीठ लावून मला दिल्या, पाते धोतराच्या सोग्याला पुसले आणि हसत म्हणाले, "तुमच्या नावानं लिहून ठेवू का?"

मला 'नको' म्हणवले नाही, 'हो'ही म्हणवले नाही. शेजारी त्यांचा सातवीतला नातू फोड खात बसला होता. तो म्हणाला, "आबा, मला पेन्सिलीला पायजे."

आजोबांनी चाकू माझ्याकडून मिटवून घेतला आणि नातवाला म्हणाले, "आधी उघडायला शीक." मग तो आपल्या खिशात टाकला.