रुमाल टाकलेली जागा

बऱ्याच विकांतांनी लिहायला बसलोय. कारण हापिसात एक भानगड झाली आणि ती डोक्यातून जाईना. भानगड माझीच, म्हणजे माझ्या कोडची.

एका हॉस्पिटलसाठी आम्ही पेशंटच्या नोंदींचं वेब ॲप्लिकेशन केलंय. एका पेशंटचं एकच लांबलचक पान. नाव, पत्ता, फोन, विमा आणि तळाशी 'ॲलर्जी'. एके सकाळी काउंटरवरच्या मुलीने एका आजींचं पान उघडलं, फोन नंबर बदलायला. तेवढ्यात रांगेत कोणीतरी हुज्जत घालायला लागलं, ती तिकडे गेली. इकडे वॉर्डातल्या सिस्टरांनी तेच पान उघडून 'पेनिसिलीनची ॲलर्जी' असं भरलं आणि सेव्ह केलं. आठ मिनिटांनी काउंटरवरची मुलगी परत आली, नंबर दुरुस्त केला, सेव्ह केलं. तिच्या पानावर ॲलर्जीचा रकाना रिकामाच होता, कारण पान तिने आधी उघडलं होतं. आणि माझा कोड सगळं पान जसंच्या तसं डेटाबेसात लिहायचा. झालं! ॲलर्जी गेली. दोघींनाही 'माहिती जतन झाली' अशी हिरवी पट्टी दिसली.

सिस्टरांनी केसपेपरवर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं, म्हणून पुढचं टळलं. पण कॉम्प्युटरवर नोंद नाही म्हणून बोलणी त्यांनीच खाल्ली. त्यांचा फोन आला, "अहो सर, मी भरलं होतं हो." आणि मी काय म्हणालो? "सिस्टर, सेव्ह करायचं राहिलं असेल." एरर लॉग कोरा करकरीत होता ना!

दोन दिवसांनी वेब सर्व्हरचा लॉग चाळला. एकाच पेशंटच्या पानावर दोन सेव्ह, वेगवेगळ्या मशीनवरून, आठ मिनिटांच्या अंतराने. पोटात गोळाच आला.

याला 'लॉस्ट अपडेट' म्हणतात. कॉलेजात डीबीएमएसच्या पेपरात यावर पानभर लिहिलंय मी. तेव्हा वाटायचं, ट्रान्झॅक्शन घातलं की प्रश्न मिटला. इथे दोन्ही ट्रान्झॅक्शन आपापल्या जागी अगदी बरोबर होती. घोळ होता तो पान उघडणं आणि सेव्ह करणं यांच्या मधल्या आठ मिनिटांत. तेव्हा माणूस विचार करत असतो आणि डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो.

पहिला उपाय सुचला तो एस.टी. स्टँडवरचा. खिडकीतून रुमाल टाकायचा, जागा आपली. म्हणजे एकाने पान उघडलं की बाकीच्यांना कुलूप. पण रुमाल टाकणारा गाडीत चढलाच नाही तर? ब्राउझरसमोरचा माणूस टॅब तशीच ठेवून जेवायला जातो, लॅपटॉप मिटून घरी जातो. रुमाल तिथेच. पंधरा मिनिटांनी उचलायचा म्हटलं, तर हळू टाइप करणाऱ्याची जागा जाते. शिवाय काउंटरने रुमाल टाकलाय म्हणून वॉर्डाने ॲलर्जी लिहायची थांबायची? छे!

दुसरा उपाय म्हणजे रुमालच नको, बसताना बघायचं. १९८१ साली कुंग आणि रॉबिन्सन यांनी एका पेपरात ही पद्धत 'ऑप्टिमिस्टिक' म्हणून मांडली. भांडणं क्वचितच होतात असं धरून चालायचं आणि शेवटी तपासायचं. व्यवहारात प्रत्येक ओळीला एक व्हर्जन नंबर देतात आणि प्रत्येक सेव्हला तो एकाने वाढवतात.

आता खरी गंमत. आमच्या टेबलात व्हर्जनचा कॉलम होताच! हायबरनेट तो इमानदारीत तपासतही होतं. मग? माझा कोड सेव्ह करताना आधी ओळ डेटाबेसातून ताजी वाचायचा आणि तिच्यावर फॉर्ममधली माहिती ओतायचा. ताज्या ओळीचं व्हर्जनही ताजंच, त्यामुळे तपासणी पास! पहारा होता तो शेवटच्या काही मिलिसेकंदांवर, त्या आठ मिनिटांवर नाही.

आता पान उघडतानाचं व्हर्जन फॉर्मबरोबर जातं आणि सेव्ह करताना परत येतं. डेटाबेसला सांगायचं, 'व्हर्जन अजून ७ असेल तरच लिही आणि ८ कर.' शून्य ओळी बदलल्या तर समजायचं, मध्ये कोणीतरी येऊन गेलंय. तपासणं आणि लिहिणं एकाच क्वेरीत हवं, नाहीतर दोघांच्या मध्ये पुन्हा फट राहते. एचटीटीपीतही हीच सोय आहे. सर्व्हर ईटॅग देतो, क्लायंटने तो इफ-मॅचमध्ये परत पाठवायचा, जुळलं नाही तर उत्तर येतं ४१२.

पण 'नाही' म्हणून भागत नाही. माझ्या पहिल्या दुरुस्तीत 'कोणीतरी बदल केला आहे, पुन्हा भरा' असा निरोप यायचा आणि टाइप केलेलं सगळं जायचं. म्हणजे एकाचं लिहिलेलं वाचवायला दुसऱ्याचं पुसायचं. आता दोन्ही मजकूर शेजारी शेजारी दिसतात. आणि ॲलर्जी त्या पानावरून काढूनच टाकली. तिची वेगळी यादी आहे, तिच्यात फक्त भर पडते, नाव आणि वेळेसकट. फोन नंबर बदलणाऱ्याने ॲलर्जीचा रकाना पाठवायचं कारणच काय होतं? हे आधी सुचायला हवं होतं.

मग सिस्टरांना आणि त्यांच्या मेट्रनना फोन केला. म्हटलं, चूक माझी होती, सिस्टरांनी नोंद भरली होती. सिस्टर क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. पण सर, लाल पेन मी सोडणार नाही हं."

म्हटलं, सोडूच नका.