सरड्याची धाव

"काका, अगदीं करंगळीएवढा सरडा! मला तो पाळायचा आहे."

दिवाळीच्या सुटींत विंझरला आलेल्या माझ्या पुतण्यानें हा हट्ट धरला. त्याला हवा होता आफ्रिकेंतला बुटका घोयरा, पिग्मी शॅमेलिऑन. टांझानियाच्या जंगलांत पाचोळ्यांत राहणारा, जेमतेम तीन इंचांचा. एवढासा जीव, त्याचें असें करावें लागणार तें काय? नवशिक्याचा हा तर्क मलाहि पटला होता, हें कबूल करतों.

मग चौकशी केली. त्याला बारीक जिवंत किडे लागतात. हवा दमट हवी, पण कोंदट नको. पुण्याचा उन्हाळा त्याला सोसायचा नाहीं. २०१६ सालीं जोहान्सबर्गच्या परिषदेंत त्याचा व्यापार परवान्याच्या बंधनाखालीं आला. आपल्याकडेहि असा प्राणी बाळगल्यास सरकारदरबारीं नोंद करावी लागते.

दुसऱ्याच दिवशीं निर्गुडीच्या कुंपणावर आपला देशी घोयरा दिसला. एक डोळा आमच्याकडे, दुसरा माशीकडे! वाटेनें जाणाऱ्या गुराख्यानें काठी उगारली, "लई विखारी असतंय त्ये!" त्याला विष नसतें, हें पुतण्याला ठाऊक होतें. त्यानें मध्यें पडून त्याला वांचविलें आणि लगेच म्हणाला, "मग हाच नेऊं!"

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला पकडणें गुन्हा आहे, असें मीं सांगितलें. पण कायद्यानें मुलाचें मन वळत नाहीं. तो पुढें सरकला, तसा घोयऱ्याचा हिरवा रंग काळवंडला.

"पहा काका, कसा छान रंग बदलतो!"

तेव्हां आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट मीं त्याला सांगितली. लहानपणीं मीं असाच एक घोयरा बिस्किटांच्या डब्यांत ठेवला होता. तो काळा पडे आणि मी तें कौतुक शेजारच्या पोरांना दाखवी. सहाव्या दिवशीं तो हलला नाहीं. घोयरा केवळ लपण्यासाठीं रंग पालटत नाहीं. भीति, राग, ऊन, थंडी हीं सारीं त्याच्या कातडीवर उमटतात. त्याचें भय मला शोभा वाटलें होतें.

"आणि तुझा बुटका तर बहुतेक तपकिरीच," मी म्हणालों. "त्याचें दुखणें तुला कसें कळेल?"

पुतण्यानें हात मागें घेतला. आम्ही दूर बांधावर जाऊन बसलों. बऱ्याच वेळानें घोयरा पुन्हां हिरवा झाला, आणि त्यानें ती माशी टिपली. पुतण्याच्या तोंडून शब्द फुटेना.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असें आपण हिणवून म्हणतों. त्या दिवशीं आमचीहि तेथवरच होती, आणि तेवढी पुरली.