वृद्ध देहाचे भय

टी वेस्टचा ‘एक्स’ (२०२२) १९७९ सालच्या टेक्सासमध्ये घडतो. चित्रीकरण मात्र न्यूझीलंडमधले. टोबी हूपरच्या ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’चे (१९७४) ऋण हा अल्पखर्ची भयपट लपवीत नाही. मला अस्वस्थ केले ते त्यातील रक्तपाताने नव्हे. शेतावर ब्लू फिल्म चित्रित करावयास आलेली मॅक्सीन आणि तिच्या तारुण्याने व्याकूळ झालेली वृद्ध पर्ल, या दोन्ही भूमिका मिया गॉथच्याच आहेत. म्हणजे ज्या देहाची किळस यावी अशी अपेक्षा आहे, तो तरुण देहावर चढविलेला रंगभूषेचा थर होय! पर्लच्या कामेच्छेविषयी दिग्दर्शक प्रथम करुणा जागवितो आणि मग तिलाच भयाचे साधन करतो. वृद्ध दांपत्याच्या शय्येच्या दृश्याला सोबतची तरुण मंडळी हसली. साठी ओलांडलेल्या मला हसता आले नाही.