मोसमकाठी वामनदादा

मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी थांबतात. आठवड्याचे बाकीचे दिवस, आणि दिवसांइतक्याच रात्रीही, धोट्यांच्या अखंड खडखडाटात जातात. बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, ऐकणाऱ्याला कान द्यावा लागतो, आणि दोनतीन पिढ्या या गलबल्यात वाढल्या म्हणजे हवे तेवढेच वेचून घेण्याची एक विलक्षण शक्ती माणसाच्या श्रवणाला प्राप्त होते. सत्तावन्नच्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेकडून जे मोमीन विणकर कुटुंबकबिल्यासह या कसब्यात येऊन वसले, त्यांनी हातमागाबरोबर आपली शायरीही आणली. आणि दिवसभर मागावर उभा राहिलेला कारागीर रात्री मुशायऱ्याला बसून पहाटेपर्यंत शेराला दाद देतो, ही गोष्ट गावाला भूषणावह असूनही गावाच्या शिवेबाहेर फारशी कुणाच्या कानी गेलेली नाही. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर वर्तमानपत्रांनी मालेगावचे जे चित्र मुलूखभर पोचविले, त्यात या रात्रीच्या श्रोत्यांना कुठेच जागा मिळाली नाही. मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर असे श्रोते आहेत. त्यांपैकी वस्त्यावस्त्यांतून आणि तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून ज्यांनी लोककवी वामनदादा कर्डकांचे गाणे समोर बसून ऐकले, त्यांच्याविषयी मला लिहावयाचे आहे.

वामनदादा याच नाशिक जिल्ह्याचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव, आणि जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. शाळेचे तोंड न पाहिलेला हा तरुण पोटासाठी मुंबईला गेला, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिला, मिळेल ती मजुरी करीत राहिला. तिथे कुणीतरी एक पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या हाती दिले, आणि ते वाचता येईना म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ही हकिगत त्यांच्या चाहत्यांना मुखोद्गत आहे. पुढे एका मास्तरांकडून मुळाक्षरे गिरवून, आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत, ते साक्षर झाले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, आणि १५ मे २००४ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी रचलेल्या गीतांची गणती लोक हजारांत करतात. वर्ध्याला १९९३ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले. परंतु मालेगावच्या श्रोत्यांपाशी त्यांचा विषय काढला, तर त्यांना हे अध्यक्षपद आठवत नाही. त्यांना एक रात्र आठवते.

ही रात्र नीट समजून घ्यावयाची, तर थोडे मागे जावे लागते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची, मनमाडची रेल्वे कामगारांची परिषद १९३८ ची. म्हणजे बाबासाहेबांच्या चळवळीतील तीन मोठे मुक्काम एका जिल्ह्याच्या सरहद्दीत पडलेले, आणि त्यांतील मनमाड व येवला ही गावे तर मालेगावकरांच्या नित्याच्या येण्याजाण्यातली. त्याच काळात भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव ढोलकीच्या तालावर नव्या विचाराचा प्रसार केला होता. त्यामुळे वामनदादा जेव्हा पेटी-ढोलकी घेऊन या भागात हिंडू लागले, तेव्हा त्यांना श्रोता घडवावा लागला नाही. तो घडलेला होता. १९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेल्यानंतर मात्र त्या श्रोत्याची गरज बदलली. ज्यांना वाचता येत नव्हते, ज्यांच्या घरात ग्रंथ नव्हता आणि ज्यांचा नेता आता बोलणार नव्हता, अशा माणसांना महाडचे तळे, नागपूरची दीक्षा आणि राज्यघटनेतील हक्क कुणीतरी गाऊन सांगणे आवश्यक होते. तो भार या निरक्षर म्हणून वाढलेल्या कवीने आयुष्यभर वाहिला, आणि माझ्या मते त्यांच्या एकूण कर्तृत्वातील हाच भाग सर्वांत थोर आहे.

बाबासाहेबांच्या जयंतीचा हंगाम १४ एप्रिलला सुरू होतो तो बुद्धपौर्णिमा उलटून गेली तरी संपत नाही. मालेगावचा वैशाख असा की, दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही आणि रात्री आठनंतर माणसे आपोआप अंगणात येतात. वर्गणी जमवून, शेजारच्या दुकानदाराकडून सतरंज्या आणि मागच्या आळीतून पेटी आणवून, एखाद्या बैलगाडीचे जू काढून तिच्यावरच फळ्या टाकून मंच केलेला असे. गॅसबत्ती पेटवावयाचे काम ठराविक एका माणसाकडे असे, कारण तिचा मॅन्टल त्याच्याखेरीज दुसऱ्याच्या हाताला टिकत नसे. वामनदादा एसटीने यावयाचे. गाडी कधी वेळेवर येई, कधी चुके. तोवर गावातलीच पोरे गाणी म्हणून माणसे धरून ठेवीत. एक आजी सांगत होत्या की, पाहुण्यांसाठी करून ठेवलेले पिठले दोनदा गरम करावे लागले, आणि तिसऱ्यांदा चूल पेटविणार तोच दादा आले व जेवण राहू द्या, माणसे किती वेळची बसली आहेत, असे म्हणून तसेच मंचावर चढले. हे सांगताना आजींच्या स्वरात पन्नास वर्षांनंतरही थोडा रुसवा होता. गाणे कुठले झाले ते त्यांना सांगता आले नाही. पाहुणा उपाशी गायला एवढे मात्र त्यांच्या मनातून जात नाही.

गाणे आणि बोलणे यांच्यात त्यांनी कधी भिंत घातली नाही, असे सगळेच सांगतात. एक कडवे म्हणावयाचे, मग पेटीवर हात तसाच ठेवून त्या कडव्यातील प्रसंग साध्या बोलीत समजावून द्यावयाचा, बाया मोठ्या संख्येने पुढे बसलेल्या असल्या तर मुलींच्या शाळेचा विषय काढावयाचा, दारूच्या दुकानाचा विषय निघाला तर त्याच वस्तीतले दाखले द्यावयाचे, आणि ढोलकीवाल्याला डोळ्याने खूण करून पुन्हा ध्रुपद उचलावयाचे. अशा रीतीने एकेक गीत बराच वेळ चाले, आणि तरी लांबल्यासारखे वाटत नसे. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफीत. ती नाममुद्रा आता येणार हे श्रोत्यांना आधीच उमगे, आणि ती आली की अवघी सभा ती त्यांच्याबरोबर म्हणे. तुकोबांच्या अभंगावर वाढलेल्या मराठी माणसाला ही रीत परिचयाची. पण मालेगावात ती आणखी एका बाजूने परिचयाची होती. गझलेच्या अखेरच्या शेरात शायराचे नाव येते तेव्हा मुशायऱ्यात जी लाट उठते, ती इथल्या माणसाने मोसमच्या पुलापलीकडे अनेकदा ऐकलेली असे. वामनदादांनी स्वतः गझला लिहिल्या, हिंदीतही गीते केली. त्यांचे गाणे असले की मोहल्ल्यातील दोनचार दर्दी माणसे सभेच्या कडेला उभी राहून ऐकत आणि आवडत्या ओळीला आपल्या पद्धतीने दाद देत, असे एका वृद्ध यंत्रमाग कामगाराने मला सांगितले. हे सांगताना त्याला त्यात काही विशेष आहे असे वाटलेच नाही, आणि म्हणूनच त्याचे सांगणे मला मोलाचे वाटते.

या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत. एकजण ते गाणे दुष्काळाच्या साली झाले असे ठामपणे सांगतो, कारण तो तेव्हा खडी फोडायला जात होता आणि त्या रात्री हाताला फोड असल्यामुळे त्याला टाळी वाजविता येत नव्हती. दुसऱ्याच्या मते ते आणीबाणी उठल्यावरचे, कारण तोवर त्याचे लग्न झालेले होते. मामलेदार कचेरीच्या दप्तरात अशा रात्रींची नोंद असण्याचे कारण नाही, आणि वस्तीने वर्गणीचे हिशेब जपून ठेवलेले नाहीत. दोघेही खरे सांगत असतील. वामनदादा एकदाच आले असे थोडेच आहे? पण मला त्यांच्या वादात वेगळेच काही दिसले. फोड आलेला हात आणि नव्याने थाटलेला संसार, ही त्या गाण्याची तारीख आहे. गाण्याने त्यांच्या आयुष्यातील एक दिवस कायमचा राखून ठेवला, आणि त्या दिवसाने गाणे राखले.

एका घरी मला एक वही पाहावयास मिळाली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कडांना तेलाचे डाग पडलेली. घरातल्या मोठ्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सातवीत शिकणाऱ्या मुलाला सभेत सर्वांत पुढे बसवून गीत उतरवून घ्यावयास सांगितलेले. जांभळ्या शिसपेन्सिलीने लिहिलेली अक्षरे सुरुवातीला टपोरी आहेत. पुढे गायकाची गती वाढत गेली तशी ती मोडत, एकमेकांवर चढत गेली आहेत, आणि एके ठिकाणी ओळ अर्धी सोडून नुसती रेघ मारली आहे. त्या रेघेपुढे निराळ्या शाईत, निराळ्या हाताने, राहिलेले शब्द भरलेले आहेत. ते कुणी भरले असे विचारले तेव्हा कळले की, दुसऱ्या दिवशी आईने ते पाठ म्हणून दाखविले आणि थोरल्या बहिणीने लिहून घेतले. लिहू न शकणाऱ्या बाईच्या स्मरणाने लिहिणाऱ्या मुलाची चूक दुरुस्त केली. वामनदादांनी ती वही पाहिली असती तर त्यांना धन्य वाटले असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

त्यांची गीते पुढे छापली गेली. 'वाटचाल' आणि नंतरचे संग्रह निघाले, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आले. प्रल्हाद शिंद्यांसारख्या समर्थ गळ्यांनी ती घराघरांत पोचविली, आणि आज जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतींतून ती कानठळ्या बसवीत असतात. याबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. गीत लोकांचे झाले म्हणजे ते कुणी कसे म्हणावे हे लोकच ठरवितात. तथापि छापील पानात शब्द आले, ध्वनिमुद्रणात चाल आली, आणि कडव्या-कडव्यांमधले ते बोलणे, समोरच्या बाईकडे पाहून बदललेली ओळ, सभेने एकदिलाने म्हटलेले नाव, हे सारे मागे राहिले. कवी, संगीतकार आणि गायक एकाच देहात नांदत होते, आणि त्या तिघांना एकत्र बांधणारा चौथा समोर सतरंजीवर बसला होता. त्या चौथ्याजवळ जे आहे ते दुसऱ्या कुठेही नाही.

तेव्हा सातवीत असलेला तो मुलगा आज सेवानिवृत्त आहे. त्याच्या आईला जाऊन बरीच वर्षे झाली, आणि गॅसबत्ती पेटविणाऱ्यांपैकी फार थोडे उरले आहेत. मालेगावच्या महाविद्यालयांतून मराठीचे आणि उर्दूचे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, पुढच्या जयंतीच्या आधी या विद्यार्थ्यांना दोघादोघांच्या जोडीने, एक मराठीचा आणि एक उर्दूचा असे, पुलाच्या दोन्ही बाजूंना पाठवावे, वृद्ध श्रोत्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे आणि अशा वह्यांची छायाचित्रे काढून ठेवावी. तालुक्यातील ज्या वाचकाच्या घरी अशी वही असेल, त्याने ती रद्दीत जाऊ देऊ नये. आणि घरात ऐकलेले माणूस असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्यापाशी बसून विचारावे.