जड काडतुसाचा आग्रह मी सोडला

हरणासाठी काडतूस जितकं जड तितकं बरं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यावर शिकारीचा परवाना काढला, तेव्हा इथल्या जुन्या मंडळींकडून थर्टी-ऑट-सिक्सची थोरवी ऐकली. १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी आलेलं हे काडतूस. गोळी १८० ग्रेनची, आणि खांद्याला धक्का वीस फूट-पाउंडांच्या आसपास. जनावराला तडफडत ठेवायचं नसेल तर हाताशी ताकद हवी, एवढाच माझा विचार होता. टार्गेटवरची नेमबाजी हा निराळा छंद; तिथे चालेल हलकं काडतूस.

जनावराचे हाल होऊ नयेत हा आग्रह आजही तसाच आहे. मत पालटलं ते क्लबच्या रेंजवर. हंगामाआधी लोक दुर्बीण जुळवायला येतात, तेव्हा मी मदतीला उभा असतो. तिथे एक जुनी युक्ती करतात. नेमबाजाला न सांगता मधूनच दारू नसलेलं, नकली काडतूस भरून द्यायचं. चाप ओढला जातो, बार उडत नाही, आणि धक्क्याच्या धास्तीनं नळीचं तोंड खाली गेलेलं स्पष्ट दिसतं. जास्त ताकदीच्या, मॅग्नम काडतुसांच्या रायफली बाळगणारे धिप्पाड, मुरलेले शिकारी असे दचकताना मी पाहिले. थोडे बार झाले की त्यांना सराव नकोसाच होतो. ताकदीसाठी घेतलेलं काडतूसच नेम बिघडवतं. हरीण चटकन पडतं ते गोळी हृदय-फुप्फुसांसारख्या नेमक्या जागी गेली तरच. पोटात लागली तर मॅग्नमची गोळीही त्याचे तासन्‌तास हाल करते.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी ६.५ क्रीडमूर हे काडतूस सुचवतो. हॉर्नडी कंपनीनं २००७ मध्ये हे काढलं ते लांब पल्ल्याच्या टार्गेट स्पर्धांसाठी. न्यू यॉर्कच्या जुन्या क्रीडमूर रेंजचं नाव त्याला दिलं. बारीक, लांबट गोळीला वारा कमी ढळवतो, हे खरं. पण इथल्या दाट रानात हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसतं, आणि तेवढ्यासाठी १८९५चं थर्टी-थर्टी काडतूससुद्धा पुरतं. मला महत्त्वाचा वाटतो तो धक्का, थर्टी-ऑट-सिक्सपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी. माणूस वर्षभर मजेनं टार्गेट मारतो आणि तोच हात रानात उपयोगी पडतो. अंगानं लहान असलेल्या नवशिक्याला याहून सौम्य .२४३ विंचेस्टर द्यावं. एल्कसारख्या थोराड जनावराला मात्र मी अजूनही जड गोळीच घेईन.

काडतूस ठरवण्याआधी राज्याचा कायदा पाहावा. शेजारच्या ओहायोत हरणासाठी रायफलीत सरळ भिंतीचीच, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणारी, काडतुसं चालतात. तिथे क्रीडमूर बाद.

गोळीबाबत मात्र मी हट्टी झालो आहे. रायफल एक असली तरी गोळ्या दोन हव्यात. टार्गेटची गोळी एकसारखी उडावी म्हणून बनवलेली असते. मांसात ती कशी वागेल याचा भरवसा नाही. हरणासाठी नेमकी फुलणारी गोळीच हवी. शिशाचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात आणि ते मांस आमच्या घरी मुलं खातात, म्हणून मी तांब्याची वापरतो. या दोन गोळ्या एकाच जागी लागतीलच असं नाही, तेव्हा हंगामाआधी शिकारीच्या गोळीवर दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते.