बॉनेट उघडं दिसलं की

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात एके काळी वळणावळणाला फियाट उभ्या दिसायच्या. बॉनेट उघडलेलं, मुलं कठड्यावर बसून करवंदं खाताहेत, आजी पदरानं वारा घेते आहे, आणि गाडीचा मालक इंजिनाला चिकटून बसवलेल्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकून शांतपणे उभा. कुणी घाबरलेलं नसायचं. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं, थोडं थांबायचं, सेल्फ मारायचा. गाडी एकदोनदा खोकायची आणि सुरू व्हायची.

चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना इंजिन तापायचं, त्याच्याबरोबर पंप तापायचा आणि आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप पातळ पेट्रोल ओढून पुढे ढकलू शकतो. वाफ मात्र नुसती दाबली जाते, पुढे सरकत नाही. म्हणून टाकीत पेट्रोल असूनही कार्बोरेटर उपाशी. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं ओलं फडकं पंपाला गार करायचं आणि वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं. हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. कुणीतरी घाटात थांबून कुणालातरी दाखवलं, त्यानं पुढच्या उन्हाळ्यात तिसऱ्याला दाखवलं, असं करत ते कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या हजारो गाड्यांच्या डिकीत एकेका फडक्याच्या रूपानं जाऊन बसलं.

आता पेट्रोलपंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडवून बसवतात आणि तो दाबानं पेट्रोल पुढे पाठवतो, त्यामुळे वाफेला वाव उरला नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची, म्हणजे त्याच फियाटची, मुदत संपली, तेव्हा मला त्या काळ्यापिवळ्या गाडीइतकीच त्या फडक्याची आठवण झाली. गाडीवाल्यांनी एकमेकांना दिलेल्या सल्ल्यांवर माझा जीव आहे. पुस्तकातलं ज्ञान आपण हवं तेव्हा उघडतो. हे ज्ञान मात्र आपण अडलेलो असताना, एखादा अनोळखी माणूस स्वतःचा प्रवास थांबवून आपल्या हातावर ठेवतो.

माझे वडील अशांपैकी होते. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं दिसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. डिकीत पाण्याचा कॅन, दोरखंड, प्लगचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा, जास्तीचा फॅनबेल्ट आणि जुन्या धोतराची फडकी असायची. ‘‘काय झालं?’’ असं विचारून ते गप्प उभे राहायचे. समोरचा सगळं सांगून होईपर्यंत हात लावायचे नाहीत. आई मागच्या सीटवर थर्मास उघडायची. तिला माहीत असायचं की आता चहा होईपर्यंत वेळ आहे.

बाबांचं ते गप्प उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं. खरा जाणकार आधी विचारतो. आवाज कधीपासून येतो? इंजिन थंड असताना की तापल्यावर? खड्ड्यात की गुळगुळीत रस्त्यावर? गाडी सांगत असतेच, आणि तिचं म्हणणं पोचवायला मराठीत नाद भरपूर आहेत. किल्ली फिरवल्यावर नुसतं कटकट झालं तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. सकाळी सकाळी चुंईचुंई करतो तो सैल पडलेला बेल्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी वळताना चाकाकडून कटकट येत असेल, तर बाहेरच्या जॉइंटचं रबर फाटून आत धूळ गेली असं समजावं. खड्ड्यात खडखड होते ती बहुधा लिंक रॉडची किंवा बुशची. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं चाकाच्या बेअरिंगची असते, आणि ब्रेक दाबल्यावरची बारीक किंचाळी म्हणजे पॅड संपत आल्याची खूण. पॅडमध्ये पातळ पत्र्याची जीभ त्याचसाठी ठेवलेली असते, मालकाला वेळेवर ऐकू यावं म्हणून. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगू नये. आवाज तोंडानं काढून दाखवावा. मिस्त्री हसत नाही. तो मान तिरकी करून ऐकतो.

सगळ्याच सल्ल्यांचं आयुष्य फडक्यासारखं सरळ संपत नाही. काही सल्ले कारण संपल्यावरही चालत राहतात, आणि मग ते जीव घेतात. ‘उतारावर न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं’ हा त्यातला. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होतं; चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे बचत नाहीच, शिवाय इंजिनाचा लगामही सुटलेला. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरेनासे होतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठीच बदनाम झाला. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे एका अवजड वाहनानं रांगेतल्या अनेक गाड्यांना धडक दिली. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट: ब्रेकला मदत करणारी हवेची पोकळी एकदोनदा पेडल दाबलं की संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं.

आमच्या सोसायटीत एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. चिपळूण-कराड मार्गावर, कुंभार्ली घाटात त्यांची उमेदीची वर्षं गेली. नवीन गाडी घेतलेल्या प्रत्येकाला ते पेढा तोंडात टाकण्याआधी एकच वाक्य सांगतात : ‘‘ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.’’ या वाक्याला कार्बोरेटरनं काही केलं नाही, इंजेक्शननंही नाही. त्यामागचं कारण डोंगराच्या उतारात आहे, आणि डोंगर बदललेला नाही.

टायरमधल्या हवेचा सल्ला मात्र न्यूट्रलसारखाच फसवा. ‘उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हे मी पंक्चरवाल्यांपासून इंजिनिअरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. ऐकायला पटतं, पण होतं उलट. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्यानं आतून तापते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, बराचसा सरळ, सिमेंटचा. तिथे दुपारच्या वेळी एकाच वेगानं तासन् तास जाणाऱ्या कमी हवेच्या टायरला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तेवढीच भरावी, निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. आणि टायरचं वय बघावं. बाजूवरच्या लांबलचक क्रमांकातले शेवटचे चार आकडे २३१८ असतील, तर तो २०१८च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही खोल दिसो, इतकं जुनं रबर कडक होतं. जुनी गाडी घेणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी हे चार आकडे हट्टानं वाचायला लावते.

पावसाळ्यातले सल्ले वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्यावर भीतीची सावली असते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी चढत गेलं आणि काही माणसं स्वतःच्याच गाडीत अडकून गेली. काचा खाली होईनात, दारं उघडेनात. त्यानंतर मुंबईतल्या अनेकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. ती डिकीत ठेवून उपयोग नाही, हाताला लागेल अशीच हवी. मारायची ती बाजूच्या काचेवर, कोपऱ्यात. पुढची काच दोन थरांची असते, ती तडकते पण जागा सोडत नाही. हे एवढं प्रत्येक घरात, गाडी चालवत नाहीत त्यांनाही, माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायची नाही, हा दुसरा. हवा ओढायच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊ बघतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही. धक्का मारून कोरड्यात घ्यावी, बॅटरीची काळी वायर काढावी आणि उचलून न्यायला गाडी बोलवावी.

याच दिवसांत उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूची पानं फडक्यात बांधून इंजिनापाशी टांगायची, हा आपल्याकडचा जुना तोडगा. वास आहे तोवर चालतो, आठवडाभरानं पुडी बदलावी लागते. माझा भर रोज सकाळी बॉनेट उघडून बघण्यावर आणि त्याआधी त्यावर दोन थापा मारण्यावर आहे. उबेला उंदीरच बसलेला असतो असं नाही, कधी मांजरीचं पिल्लूही असतं.

सल्ले देण्याघेण्याचा सगळ्यात दाट काळ मी पाहिला तो २०२०च्या टाळेबंदीनंतरचा. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्या, आणि किल्ली फिरवली की सगळीकडून तेच कटकट. वाहनतळात जंपर केबलचा एकच जोड होता आणि तो या गाडीवरून त्या गाडीवर फिरत होता. एसटीतले काका तोंडाला रुमाल बांधून, अंतर राखून, खांबापाशी उभे राहून सांगायचे, ‘‘आधी लाल. उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. आता काळी चांगलीच्या मायनसला. आणि तिचं शेवटचं टोक बॅटरीला नाही लावायचं ताई, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब.’’ कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. हे त्यांनी न कंटाळता प्रत्येकाला सांगितलं, कारणासकट. वर्षानुवर्षं शेजारी राहून एकमेकांशी न बोललेली माणसं त्या दिवसांत एकमेकांच्या इंजिनावर वाकून उभी होती. हँडब्रेक ओढून ठेवल्यानं ज्यांचे मागचे ब्रेक चिकटले होते, त्यांना पुढच्या वेळी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावायला काकांनीच सांगितलं.

रेडिएटरचं झाकण मात्र कुणाच्याही सांगण्यावरून तापलेलं असताना उघडू नये. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. काटा वर चढायला लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. भर उन्हाळ्यात हे ऐकून लोक चमकतात, पण हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता आत आणणारा छोटा रेडिएटरच. काचा खाली करून घामाघूम होत चार किलोमीटर काढता येतात, तेवढ्यात सावली आणि थांबायला जागा मिळते.

मागे एकदा काकांना त्यांच्या गावी, चिपळूणकडे, सोडायचं होतं. कुंभार्लीच्या एका आंधळ्या वळणाअलीकडे त्यांनी एकदम हात वर केला. ‘‘ताई, बाजूला घ्या. पुढे दगड आहेत.’’ बंद पडलेल्या ट्रकमागे लोक दगड आणि झाडाच्या फांद्या रांगेनं मांडतात. मागून येणाऱ्याला इशारा म्हणून ते चांगलंच. ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला होता, दगड मात्र तिथेच होते. रात्री, पावसात, दुचाकीवाल्याला ते कसे दिसणार? काका म्हणाले, एसटीवर असताना असे दगड दिसले की ते गाडी थांबवायचे, कंडक्टर खाली उतरायचा आणि दोघं मिळून ते कठड्याकडे सारायचे. उशीर व्हायचा, पण त्यांच्या गाडीतला एकही प्रवासी त्याबद्दल कधी कुरकुरला नाही, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

आम्ही लाल त्रिकोण मागे दूर लावून आलो आणि दगड एकेक करून सारले. शेवटचा मोठा होता, तो दोघांनी ढकलला. काकांनी हात झटकले, गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायर पायानं चाचपून बघितले आणि विचारलं, ‘‘स्टेपनीत हवा कधी भरली होती?’’

‘‘निघतानाच, काका.’’

‘‘मग चला,’’ म्हणाले, ‘‘आणि आता उतार आहे, दुसरा टाका.’’